न्हाऊन-माखून आलेली पेशंट

"ताप उतरलाय की, बाई. गोळ्या द्या, चारच्या यष्टीनं जातो. लगीनघर हाय आमचं."

मैंदर्गीच्या गौरव्वा सुनेला, महानंदाला, घेऊन आल्या होत्या. सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या एका मोठ्या दवाखान्यात कॅज्युअल्टीला डॉक्टर होते, म्हणजे तातडीचे पेशंट येतात तिथं. महानंदा अगदी नीटनेटकी. धुतलेलं पातळ, चापूनचोपून वेणी, कपाळावर विभूती. थर्मामीटर म्हणाला नव्याण्णव. पण हात धरला तर बर्फ, आणि नाडी नुसती पळत होती.

सोबत आलेल्या पुरुषमंडळींना बाहेर काढलं, तेव्हा ती बोलली. चार दिवस लघवीला आग, रोज हुडहुडी, काही खाल्लं की उलटी. कमरेच्या वर, शेवटच्या बरगडीखाली हलकेच मूठ मारली, तर कळवळलीच. किडनीला इन्फेक्शन झालं की तिथं असं दुखतं.

आता प्रश्न एकच, किती गंभीर? साधं असेल तर गोळ्या देऊन घरी. पण विष रक्तात उतरलं तर बीपी पडतं, लघवी आटते. मग बसमध्येसुद्धा जीव जाऊ शकतो. महानंदाचं वरचं बीपी एकशेवीसच्या जागी ऐंशी होतं आणि सकाळपासून लघवी नव्हती. फक्त ताप तेवढा कुठं दिसेना.

"सकाळी काही औषध दिलंत?"

"न्हाय वो. सात रस्त्याला भनीकडं उतरलो, तितं दोन घागरी गार पान्यानं आंगुळ घातली. मोट्या दवाखान्यात पारोशी कशी आनायची?"

मी कपाळावर हात मारला आणि वॉर्डच्या सरांना फोन लावला.

"ताप किती?"

"नव्याण्णव."

"मग बेड कशाला अडवता? फुल आहे वॉर्ड."

"सर, ताप धुऊन आणलाय. पल्स एकशेतीस, बीपी ऐंशी, लघवी बंद."

"खाली गादी टाका. सलाईन आणि इंजेक्शन सुरू करा. आलोच."

गौरव्वा रागावून दाराशी बसून राहिल्या. संध्याकाळी महानंदाला थंडी वाजून सणसणीत ताप भरला, तेव्हा कुठं त्यांचा माझ्यावर विश्वास बसला. रात्रीतून बीपी सावरलं, सकाळी लघवी झाली. इतका आनंद मला माझ्या परीक्षेच्या निकालाचाही झाला नव्हता. आठवड्याने ती चालत घरी गेली. लग्न हुकलं, पण सून हाताशी राहिली.

निघताना मी गौरव्वांना बजावलं, "आजारी माणसाला असेल तसं आणायचं. अंघोळ घालायची नाही."

पुढच्या महिन्यात त्या नवऱ्याला घेऊन हजर. ते येण्याआधी त्यांचा वास आत आला.

"काय झालं यांना?"

"पायात काटा मोडलाय. आट दिस झालं, आंगाला पानी लावू दिलं न्हाय बगा!"

म्हातारबुवा माझ्याकडे खाऊ की गिळू असे बघत होते. काटा दोन मिनिटांत निघाला. तेव्हापासून मी सल्ला देताना तो कुणी आणि कधी पाळायचा, हेही सांगत आले.