बिनआवाजाचा कुलर

माझ्या बहिणीचं लग्न जमलं ते शेजारच्या गिरजाकाकूंमुळे, आणि मोडणार होतं ते प्लास्टिकच्या बॉल बेअरिंगमुळे. (बेअरिंगची काही चूक नव्हती, हे आधीच सांगतो.)

मी नववीत शाळा सोडली आणि आमच्या एकोडी गावाहून थेट पुण्याकडच्या कारखान्यात लागलो. तिथे ही बेअरिंगं बनतात. रिंगा प्लास्टिकच्या, आत गोळ्या काचेच्या. पाण्यात भिजली तरी गंजत नाहीत, ग्रीस मागत नाहीत, वजनाला हलकी, फिरताना आवाज नाही. फार भार आणि फार उष्णता तेवढी सोसत नाहीत. एवढं मला तोंडपाठ आहे. (दुसरं काही पाठ होत नव्हतं, म्हणून तर शाळा सुटली!)

मे महिन्यात सुट्टीवर आलो, तर घरचा कुलर धानाच्या गिरणीसारखा ओरडत होता. त्याच दिवशी सरूला बघायला साकोलीचे पाहुणे येणार! मुलगा सरूच्या मनात आधीच भरलेला. काही बिघडेल याची धास्ती तिला होती, त्याच्या दुप्पट मला. म्हणून सकाळीच पंख्याची गंजकी बेअरिंगं काढून कारखान्यातून आणलेली प्लास्टिकची बसवली. कुलर एकदम गप्प!

पण घरात सगळ्यांना त्या कुलरच्या वर ओरडूनच बोलायची सवय. कुलर गप्प झाला, आम्ही नाही झालो.

पाहुणे बैठकीत पोहे खात होते. मी स्वयंपाकघरात जाऊन, नेहमीच्या आवाजात, "आई, पोऱ्याचा बाप चवथी प्लेट खाऊन राहिला वं!"

"खाऊ दे नं!" आईचा आवाज माझ्याही वर. "मंग नाई म्हणायले लाज वाटन त्यायले!"

"चूप बसा तुमी दोघंबी!" सरू किंचाळली. "मले पोरगा पसंद हाय!"

बैठकीत चमचासुद्धा वाजेना. तेव्हा कुठे मला कुलर आठवला. मी दारातून हळूच डोकावलो.

गिरजाकाकू पाहुण्यांजवळच बसल्या होत्या. "आयकलं नं भाऊ?" त्या शांतपणे म्हणाल्या. "या घरात पाठीमागं काई बोलत नाईत. अशी सोयरीक कुठं भेटन? सरू, पाचवी प्लेट आन!"

मुलाचे वडील पोट धरून हसले. मी बेअरिंगांची गोष्ट सांगितली, तसे म्हणाले, "आमच्या कुलरपायी बायको काय म्हंते, आयकूच येत नाई. बाबू, मलेबी हेच बसवून दे!"

"काई गरज नाई," मुलाची आई म्हणाली. "आयकू येत नाई, म्हणून तं घर टिकून हाय."

लग्न ठरलं. काकूंना म्हटलं, "तुमचे उपकार कसे फेडू?"

"माह्या कुलरले हात लावू नोको बाप्पा!"

सध्या पुण्यात राहून त्यांच्या कुलरपासून जमेल तेवढा लांब आहे. बाकीचे उपकार एक दिवस नक्की फेडीन, तेही हळू आवाजात.