अंगठा लागलेला दिवा

सुरगाण्याहून सकाळच्या जीपने निघालो. धाकटी लेक मंगल सिन्नरच्या एका कारखान्यात दिवे बनवते. ती कधीची बोलावत होती, मी गेलो नाही. माझी शाळा दुसरीपर्यंत. तिथं जाऊन कोणाच्या तोंडाकडे बघत बसायचं? या वेळी माझ्या मनानं निघालो.

नाशिकला एसटी धरली. कंडक्टर म्हणाला, “बाबा, सिन्नरला कोण हाय?”

“लेक साहेब हाय माझी.”

“मग पुढं बसा की!”

सिन्नरजवळ शेतं संपून पत्र्याची छपरं लागली. कारखान्यात मंगलनं मला पांढरा डगला, जाड चष्मा आणि हातमोजे घातले. तिचे दिवे पाण्यातले जंतू मारतात, पण तो उजेड माणसाला दिसत नाही. ताटलीत अशाच दिव्याचा डाळीएवढा तुकडा होता.

“उजेड आत तयार होतो बाबा, पण गुळगुळीत पाठीला आपटून आतच परत फिरतो. म्हणून पाठ खरखरीत केली. तुम्ही जात्याला टाकी लावता तशी.”

टाकी लावणं (छिन्नीनं दगड टोचून खरखरीत करणं) हा माझा जन्माचा धंदा. टाकी नीट लागली का, ते अंगठ्यालाच कळतं. मी हातमोजा काढला आणि तुकड्यावर अंगठा फिरवला.

“बाबा! हात नका लावू!”

मंगलचा चेहरा उतरला. बोटाचं तेल हा उजेड गिळतं म्हणे. दुपारी पाणी शुद्ध करायची यंत्रं बनवणारे लोक उजेड मोजायला येणार होते, आणि तयार तुकडा तो एकच. कमी भरला तर तिचं काम बंद.

तिच्या साहेबांनी विचारलं, “काका, मोजा का काढलात?”

“मोज्यातून दगड कळत नाही,” मी म्हणालो. मोजा परत हातात चढवला.

मंगलनं तुकडा कसल्याशा औषधात बुडवला, धुतला, वाळवला. उजेड मोजायच्या यंत्राखाली ठेवला. मला काही पेटलेलं दिसेना. मी तिच्याच तोंडाकडे बघत राहिलो.

“उजेड सकाळइतकाच आहे,” ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

यंत्रवाले आले, त्यांनीही मोजलं, “पुढचे दिवे करायला घ्या” म्हणून गेले. मग कुठं आम्ही मी घरून आणलेल्या नागलीच्या (नाचणीच्या) भाकरीचं फडकं सोडलं. साहेबांनी दोनदा चटणी मागितली.

“टाकी कशी लागलीय, ते राहिलंच की सांगायचं,” मंगल म्हणाली.

“जरा पुसट हाय.”

ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

माझ्या हातानं एकही दगड बिघडला नाही, असं मी जन्मभर सांगत आलो. त्या दिवशी एक बिघडता बिघडता राहिला, आणि तो लेकीचा होता. परतीच्या जीपमध्ये घाट लागला तेव्हा कुठं मला झोप आली.