मंजुरी वरून यायची

जंगलखात्यात नोकरी केलेला माणूस बोलायला बसला, की एक किस्सा दुसऱ्याला ओढून आणतो. सांगतो आपण हसून, पण तेव्हा हसू आलं नव्हतं. चांदा जिल्ह्यात, अहेरीकडच्या जंगलातल्या एका कचेरीत मी कारकून होतो. जमीनदारी नुकतीच गेलेली, जंगल सरकारी झालेलं.

कचेरीचं छप्पर गळायचं. समोर डेपोत सागवानाच्या थप्प्या, पण एक फळी घ्यायची तर मंजुरी वरून! एका हातात छत्री, दुसऱ्यात टाक, असा मी पावसाळा काढला. ताडपत्री होती एकच. ती रेंजरसाहेबांनी सागवानावर टाकली. म्हणाले, "ऑर्डरीत सागवान लिहिलंय बाबू, कारकून नाही!"

एका वर्षी बांबू तोडून ठेवला आणि राज्यच बदललं, आमचा जिल्हा दुसऱ्या राज्यात गेला. फाईल कोणत्या शहरात गेली, कोणालाच ठाऊक नाही. ठेकेदाराचा ट्रक यायचा, रिकामा जायचा. बांबूला भुंगा लागला, हात लावला की पीठ गळायचं. मंजुरी आली तेव्हा ठेकेदार म्हणाला, "आता पोते घेऊन येऊ का, साहेब?" पुढच्या हंगामात तो आलाच नाही. तोडाईवर जगणारी कितीतरी घरं कुलूप लावून निघून गेली.

गंगारामभाऊ सुताराचा नांगर न्यायला लांबून माणसं बाजाराला यायची. मग लाकडाला परमिट लागू लागलं. त्यासाठी तो आमच्या ओट्यावर बसून राहायचा आणि तिकडे गिऱ्हाईक वाट पाहून परत जायचं. शेवटी एक दिवस आपलं तासायचं हत्यार, वाकस, फडक्यात गुंडाळून आला.

"साहेब, मले इथीच चपराशी ठेवा. बसूनच राह्यलो, तं पगार तरी भेटल!"

साहेबांनी ठेवला. गावात नांगर करणारा कोणी उरला नाही.

आणि तो वणवा! पूर्वी धूर दिसला, की जवळच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, गोंड माणसं न बोलावता धावायची. त्या दिवशी कोणी हललं नाही. साहेब आणि मी धापा टाकत टोल्यावर गेलो. म्हातारा लालसूभाऊ दारात बसला होता. घराच्या कुडाच्या भिंतीसाठी फांद्या तोडल्या म्हणून आमच्या गार्डानं त्याच्या पोराला पकडून नेलं होतं. पोरगा अजून सुटला नव्हता.

"लालसूभाऊ, जंगल जळतंय! चला!"

म्हातारा उठला. "चलतो साहेब. पन आग झोडपाले हिरव्या फांद्या लागते. तोडू का?"

त्याच्या मागे सगळा टोला येऊन उभा राहिला. कोणाच्याच हातात कुऱ्हाड नव्हती. डोंगरावरून धूर खाली उतरत होता.

साहेबांनी घाम पुसला आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं,

"बाबू, नियमात काय आहे?"