सूर्याकडं पडलेली सावली

झाडाची सावली सूर्याच्या बाजूला पडत नाही. एवढं कळायला शाळा लागत नाही. मी चौथीतून उठलेला माणूस, मलाही कळतं. तरी तसलं चित्र माझ्या डोळ्यांदेखत छापायला गेलं आणि मी "बरं हाय" म्हणालो. हे मी आजवर एकाच माणसाला सांगितलंय, तेही तिला आधीच कळल्यावर.

मी पेंटर. चाळीस वर्षं या शहरात ब्रश चालवला. शहागंजच्या दुकानांच्या पाट्या, विहाराच्या भिंतीवरचा बोधिवृक्ष, ट्रकच्या मागचे डोंगर, सगळं हातानं. उर्दू पाट्यासुद्धा काढायचो. वाचता येत नव्हतं, पण वळण असं की वाचणारा थांबून बघायचा. शिकलो नाही याची लाज मला कधी वाटली नाही. शिकलेल्यांची नावं मीच लिहितो, असं मिजाशीत सांगायचो.

मग फ्लेक्स आले आणि ब्रश वाळले. त्यात घरात सून आली ती कॉम्प्युटरवर फ्लेक्सची डिझाइनं करणारी. हर्सूलला आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत तिचं मशीन आणि मशीनच्या मागं माझी खाट. म्हणजे दिवसभर माझ्यापुढं तिची पाठ, आणि तिच्या पाठीशी माझी टकळी.

"सूनबाई, हे चित्र काढणं नव्हं, चिकटवणं हाय."

"मामा, चिकटवायला पण नजर लागती."

"नजर माझी बघायची व्हती तू."

"बघते की. रोज पाठीत टोचती."

हसून बोलायची. मी मात्र तिच्या एकाही कामाला कधी चांगलं म्हणालो नाही.

गंगापूरच्या रस्त्याला एक शाळा आहे. तिथल्या स्टेजचा पडदा माझा होता. कापडावर रंगवलेला: डोंगर, गवत, मधोमध एक झाड. कितीतरी स्नेहसंमेलनं त्याच्यापुढं झाली. यंदा शाळेनं ठरवलं, पडदा जुना झाला, तसलंच दृश्य फ्लेक्सवर करून घ्यायचं. काम आलं सुनेकडं. शाळेचं तिचं पहिलंच काम. नीट उतरलं तर आजूबाजूच्या शाळा येतील म्हणून ती लई हरखली होती. मी विचारलं, माझ्या पडद्याचं काय केलं? तर म्हणे, खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांवर टाकलाय. ते मला लागलं. त्यात तिचा काय दोष? काहीच नाही. पण राग काढायला माणसाला जवळचंच माणूस सापडतं.

ती करत होती तेव्हा मी खाटेवरून बघत होतो. आधी आभाळ. वर गडद निळं, खाली येईल तसं पांढरट. मग माऊसनं डोंगराची रेघ ओढून आत हिरवं भरलं. त्याच्यामागं दुसरा डोंगर, फिका. लांबचा डोंगर फिका ठेवायचा, हे मला माझ्या उस्तादानं दोन शिव्या देऊन शिकवलं होतं. हिला कुणी शिकवलं? मग गवत. एकदा हात फिरवला की शंभर पाती.

"आम्हाला एवढ्या गवताला दोन दिवस लागायचे."

"म्हणून तर तुमचं गवत अजून हिरवं हाय, मामा."

चांगलं बोलली होती. मी तोंड वाकडं केलं.

प्रत्येक गोष्ट ती वेगळ्या थरावर ठेवायची, पारदर्शक कागदं एकावर एक ठेवावीत तशी. आभाळ आणि सूर्य एका थरावर, झाड दुसऱ्या, झाडाची सावली तिसऱ्या. सूर्य डाव्या हाताला, सावली उजवीकडं. सगळं बरोबर होतं. तेवढ्यात शाळेतून फोन आला, शाळेचं नाव डाव्या कोपऱ्यात पाहिजे, आजच्या आज छापायला द्या. तिथं तर सूर्य होता. तिनं एक बटण दाबलं. आभाळ आरशात बघावं तसं उलटं झालं, सूर्य उजवीकडं गेला. नाव डावीकडं बसलं. सावली मात्र होती तिथंच राहिली. उजवीकडं, सूर्याकडं तोंड करून.

ती वळली. "मामा, बघा बरं. काही राहिलं का?"

मी बघितलं. चष्मा लावून परत बघितलं. पहिल्या नजरेलाच दिसलं होतं. दुसऱ्यांदा बघितलं ते काय म्हणावं हे ठरवायला. जिभेवर आलं होतं, "सावली फिरव." दोन शब्द. पण पोत्यांवरचा पडदा आठवला. मी म्हणालो, "बरं हाय."

तिचा चेहराच बदलला. माझ्या लेकाला फोन लावला. "अहो, मामा बरं हाय म्हणाले! व्हय, खरंच!" लगेच चित्र छापायला पाठवलं. मला वेलदोड्याचा चहा करून दिला. तो मी प्यालो. सगळा प्यालो.

संमेलनाला धुतलेला शर्ट घालून सुनेसंगं गेलो. वीस फुटी फ्लेक्स, त्यात ती काळी सावली. चित्रकलेचे गुरुजी जुने ओळखीचे. ते आमच्याजवळ आले आणि चार बायका ऐकतील अशा आवाजात म्हणाले, "काका, तुमच्या काळात सावल्या सूर्याला भिऊन लांब पळायच्या. आता बघा, त्याच्या गळ्यात पडायला निघाल्यात!"

बायका हसल्या. मागच्या रांगेपर्यंत गेलं ते. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला. मला वाटलं होतं, या क्षणी मजा येईल. सून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, चूक माझी हाय. घाईत राहिलं." मला दाखवलं होतं, हे ती बोलली नाही.

घरी येताना स्कूटीवर मी मागं. सिग्नलला ती म्हणाली, "मामा, तुमच्या नजरेतून कधी काही सुटत नाही. उद्या डोळे दाखवून येऊ. मोतीबिंदू असंल."

शिव्या दिल्या असत्या तर मी दहा परत दिल्या असत्या. मी "बरं, जाऊ" म्हणालो. खोटं बोलणं तेव्हा लई सोपं होतं. या वयात डोळे गेले म्हटलं तर कोण हसणार होतं?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. सून शेजारीच उभी. ठरवून आलो होतो, तिसऱ्या ओळीला अडायचं. पण अक्षरं समोर आली. आयुष्यभर काढलेली अक्षरं. हा 'ध' आहे आणि मी त्याला 'घ' म्हणू? ते माझ्याच्यानं झालं नाही. माझा गर्व असा की खोटंसुद्धा धड बोलू देईना. शेवटच्या बारीक ओळीपर्यंत वाचत गेलो.

"बाबा, तुमची नजर पोरांपेक्षा चांगली हाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर पायरीवर मी म्हणालो, "सूनबाई, सावली मला दिसली व्हती."

ती स्कूटीची चावी शोधत होती. वर न बघता म्हणाली, "खालची ओळ वाचलीत तेव्हाच कळलं, मामा. बसा."

घरी तिनं कुणाला सांगितलं नाही. चहा वेळेवर मिळतो, वेलदोडासुद्धा असतो. त्या शाळेचं काम परत आलं नाही. दुसरी कामं येतात. परवा तिनं एक शेत केलं, बांधावर बाभळ. सूर्य एका बाजूला, सावली दुसऱ्या. मी खाटेवर चष्मा लावून बसलो होतो. तिनं चित्र मोठं करून चारी कोपरे तपासले, सावलीवर बोट ठेवून सूर्याकडं बघितलं आणि पाठवून दिलं.

मागं वळून "मामा, बघा बरं" म्हणाली नाही. मीही "मला दाखव" म्हणालो नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार?