दवाखान्यामागची बोट

सोनोग्राफीची मशिनं दुरुस्त करणं हे माझं काम. आज नांदेड, उद्या अकोला, मधेच लातूर, अधूनमधून संभाजीनगर. घर सेनगाव तालुक्यात, येलदरी धरणाचं पाणी शेताच्या बांधापर्यंत येतं अशा एका गावात. आमच्याकडं पाण्यावर दिसणार त्या मासे धरणाऱ्यांच्या होड्या. शिडाची बोट मी फक्त चित्रात पाहिलेली होती.

खरी बोट पहिल्यांदा पाहिली ती संभाजीनगरला, एका जुन्या प्रसूतिगृहाच्या मागच्या अंगणात. तिथलं मशीन सारखं तापत होतं, म्हणून एसीचं बाहेरचं युनिट बघायला मी मागं गेलो. जनरेटरच्या शेजारी ताडपत्रीखाली काहीतरी लांबट झाकून ठेवलेलं होतं. राहवेना, म्हणून कोपरा उचलला. आत फायबरची पांढरी बोट, तिच्यात आडवी ठेवलेली डोलकाठी आणि उंदरांनी कुरतडलेलं शीड.

"आमच्या ह्यांची आहे," मागून आवाज आला. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. वय सत्तरीच्या आसपास. "दर रविवारी धरणावर घेऊन जायचे. ते गेल्यापासून ही इथंच पडून आहे."

"चालवायची कशी असते ही?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मी एकदाही बसले नाही. आधी बाळंतपणांतून सुटका नसायची. नंतर नंतर राग म्हणून." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या गावाकडे पाणी आहे का?"

"आहे की."

"मग घेऊन जा. नीट झाली की मला मात्र बोलवा. त्यात असतं तरी काय, ते मला एकदा बघायचंय."

टेम्पोतून बोट घरी आली तेव्हा माझ्या बायकोनं तिच्याभोवती दोनदा फेरी मारली. ती घरी शिलाई करते. ब्लाउज, शाळेचे ड्रेस, लग्नसराईत तर मान वर करायला सवड नसते. बोट तशीच सोडून तिनं शीड अंगणात पसरलं आणि शिवण बोटांनी दाबून पाहिली.

"कापड चांगलं हाय," ती म्हणाली. "दोरा गेला उन्हानं. पण हे मधी फुगीर काहून शिवलं? सरळ काहून न्हाई?"

मग लॉजवरच्या संध्याकाळी मी मोबाईलवर शिडांचे व्हिडिओ बघू लागलो. अकोल्याहून फोन करून सांगितलं की तो फुगीरपणाच बोटीला ओढतो. "ओढतो म्हंजे कसा?" असा पुढचा प्रश्न आला. त्याचं उत्तर शोधायला पुढची खेप लागली.

तेव्हापासून माझे दिवस दोन भागांत वाटले गेले. शहरात हात स्वच्छ, गळ्यात कंपनीचं कार्ड, एसीच्या खोलीत बारीक तारांशी खेळ. घरी आलो की पॉलिश पेपर घेऊन बोटीचा तळ घासायचा, तडे गेले तिथं फायबरचं कापड आणि चिकट रेझिन लावायचं. ते रेझिन नखांत बसायचं आणि दोन दिवसांनी लातूरच्या एखाद्या रेडिओलॉजिस्टच्या नजरेस पडायचं. प्रवासातही माझं बघणं बदललं. एसटीच्या खिडकीतून मी वारा शोधू लागलो. वीटभट्टीचा धूर कुठं वळतोय, ज्वारी कोणत्या अंगाला झुकलीय, पुलाच्या आधी असलेला वारा पुलावर गेल्यावर कुठं गेला? शेजारच्या प्रवाशाला वाटायचं, माणसाचं काही हरवलंय.

पावसाळा सरल्यावर, धरण भरलेलं असताना आम्ही बोट पाण्यात लोटली. पहिल्या दिवशी ती वाऱ्याबरोबर छान गेली आणि परत येईचना. शेवटी शीड उतरवून वल्ह्यानं आणावी लागली. काठावर जमलेल्या लोकांची चांगली करमणूक झाली. दुसऱ्या दिवशी मी नांदेडला गेलो आणि तिथलं काम आठवडाभर लांबलं.

त्या आठवड्यात एका दुपारी घरून फोन आला.

"मी जाऊन आले आतमधी," बायको म्हणाली.

"एकटी?"

"लाइफ जॅकेट घातलं होतं. आन् काठाकाठानंच गेले."

ती पूर्णेच्या काठची; पोहण्यात माझ्यापेक्षा पक्की. रागवायचं नंतर बघू म्हटलं. आधी विचारलं, "परत कशी आलीस?"

"वाऱ्याच्या तोंडावर जायचंच न्हाई. थोडं या अंगानं, थोडं त्या अंगानं, घाटातल्या रस्त्यावानी. पर ती मधली फळी पाण्यात पुरी खाली सोडा. तुमी अर्धीच सोडली होती, म्हनून बोट आडवी सरकत होती." मग हळूच, "दोनदा उलटी व्हता व्हता वाचली, ते सांगायचं न्हवतं."

घरी गेल्यावर तिनं मला शिकवलं. मी सुकाणू धरायचो, ती शिडाचा दोर. अजूनही मला वाऱ्याचा अंदाज उशिरा येतो. तिला गालावर कळतो म्हणते. मी गाल पुढं करून बघतो, मला काही कळत नाही.

दिवाळीनंतर मी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. जिंतूरमार्गे त्या स्वतःच्या गाडीनं आल्या. घोट्याच्या वर साडी खोचून, बायकोचा हात धरून बोटीत उतरल्या. बोटीत जागा दोघांचीच, म्हणून मी काठावर राहिलो.

शीड भरलं आणि दोघी लांब गेल्या. मधेच बोट एका अंगाला बरीच कलली. त्याच वेळी लातूरहून फोन, मशीन बंद पडलंय. मी "येतो, येतो" म्हणत होतो आणि डोळे शिडावर. पुढच्या वळणाला दिसलं की सुकाणू आता डॉक्टरीणबाईंच्या हातात आहे.

परत आल्या तेव्हा त्या गुडघ्यापर्यंत भिजल्या होत्या. दगडावर बसून त्यांनी चप्पल निथळवली.

"मला वाटायचं, हे तिथं जाऊन एकटे विचार करत बसतात," त्या म्हणाल्या. "आमच्यावर, घरावर रुसून. इथं तर विचार करायला फुरसतच नाही. दोर बघा, वारा बघा, तोल सांभाळा. मलासुद्धा घटकाभर काही आठवलं नाही."

"आवडलं का मंग?" बायकोनं विचारलं.

"ते अजून ठरवता येत नाही. हे बघा हात." त्यांनी तळवे उघडून दाखवले, दोरानं लाल झाले होते. "तो दोर ढिला सोडलात, तेव्हा बोट सरळ झाली. ते कसं?"

बायको त्यांच्या शेजारी बसली आणि ओल्या मातीत काडीनं बोट काढून दाखवू लागली. मला लातूर गाठायचं होतं. बॅग घेऊन मी सेनगावला जाणाऱ्या जीपकडं निघालो तेव्हा दोघींचं लक्षही नव्हतं.