तिसऱ्या सिलेंडरचा चोर

माझी आत्या छोट्या विमानांची इंजिनं दुरुस्त करते. उड्डाणशाळेच्या शेडमध्ये तिला सगळे 'मास्तरीण' म्हणतात, कारण इंजिनाने ऐकलं नाही की ती त्याला रागावते.

त्या वर्षी पिवळ्या विमानाच्या तिसऱ्या सिलेंडरमधला पिस्टन दोनदा भाजला. या इंजिनात पाणी खेळत नाही. समोरून येणारा वारा सिलेंडरभोवतीच्या पातळ पात्यांमधून गेला, तरच ते थंड राहतं. पण दोन्ही पिस्टन आत्याने बसवलेले, म्हणून बोट तिच्याकडेच.

"मास्तरीण, तिसऱ्यांदा भाजला तर विमान उडायला सोडायची तुमची सही बंद," शेडचे प्रमुख म्हणाले. "मग गोदामात बसून नटबोल्ट निवडा."

"चोर सोडून संन्याशाला फाशी! साहेब, पिस्टन पोळलाय. कुणी पोळवला ते बघू ना आधी."

वारा वळवायला इंजिनाभोवती पत्रे असतात, पत्र्यांच्या काठाला रबरी पट्टी. इंजिनावरचं झाकण लागलं की पट्टीने त्याला घट्ट चिकटायचं. आत्याने ती चारदा तपासली. दर वेळी ताठ, जागच्या जागी. पाचव्यांदा झाकण उचलताना ती थबकली.

"आपण बघतो झाकण काढून. विमान उडतं झाकण लावून!"

वर्गातल्या फळ्याजवळचा खडू आणून तिने पट्टीच्या काठावर घासला. झाकण लावलं, स्क्रू आवळले, पुन्हा उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरी रेघ उमटली होती. तिसऱ्या सिलेंडरपाशी मात्र चार बोटं जागा कोरी. झाकण बसताना तिथली पट्टी मागे दुमडायची आणि वारा फटीतून निसटायचा. झाकण निघालं की ही पुन्हा साळसूद उभी.

"लबाड कुठली!" आत्याने तिला झापलं आणि उपटून काढलं.

नवी, रुंद पट्टी तिने वाऱ्याच्या दिशेने झुकवून लावली. आता वाराच तिला झाकणावर दाबून धरणार होता. तापमापकही मुद्दाम तिसऱ्याच सिलेंडरला जोडला, आणि चाचणीच्या उड्डाणाला ती स्वतः वैमानिकाशेजारी बसली.

"चढताना काटा लाल पट्ट्यात जाणार बघा," वैमानिक म्हणाला.

"तुम्ही चढवा तर!"

विमान चढत गेलं. काटाही चढला, हिरव्या पट्ट्याच्या मध्यावर आला आणि तिथेच थांबला. आत्या इतकी मोठ्याने हसली की वैमानिकाने कानावरचं यंत्र दूर धरलं.

खाली प्रमुख नोंदवही उघडून उभे होते. "करा सही," एवढंच म्हणाले.

ते पान मी पाहिलंय. आत्याची सही रकान्यात मावलेली नाही.