मुद्दा हरकतीचा

लोकशाही ही चीज जगात अजून टिकून आहे ती आमच्या एडिसन गावच्या घरमालकांमुळे, असं माझं प्रामाणिक मत आहे. बाकीच्यांनी तिच्यासाठी काय केलं ते शिकलेले लोक जाणोत. मी आठवीत शाळा सोडून आचाऱ्याच्या हाताखाली गेलेला माणूस. एकोणीसशे ऐंशीनंतर दोन-तीन वर्षांनी एका हॉटेलवाल्याच्या ओळखीनं न्यू जर्सीत येऊन पडलो आणि आयसेलिनला ओक ट्री रोडवर पुऱ्या तळायला लागलो. कागदपत्रं अजून व्हायची होती, त्यामुळे रस्त्यात पोलिसाची गाडी दिसली की मी उगाच बुटाची नाडी बांधायला बसायचो. अशा माणसाला बेसमेंटमधली खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. ती मला ज्यांनी दिली ते मूळचे खेडकडचे कोकणी मुसलमान, अठ्ठावीस वर्षं हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवून रिटायर झालेले. मुलानं आईवडलांना इथं आणलं, घर घेतलं आणि मग नोकरीपायी तो स्वतःच ओहायोत डब्लिनला निघून गेला. वर उरले हे दोघं आणि खाली मी. पहिल्या दिवशी मी त्यांना अदबीनं चाचा म्हटलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "चाचा सिनेमात असतात आणि मध्यंतरानंतर गोळी लागून मरतात. मला अजून बरंच जगायचंय. काका म्हण."

काकांच्या घरात मतदानाशिवाय पान हलत नसे. संध्याकाळी भाजी कुठली करायची यावर रीतसर ठराव यायचा. सूचक काका, विषय भेंडी. काकू वांग्याच्या बाजूच्या. एकास एक झालं की काका जिन्याच्या तोंडाशी येऊन हाक मारायचे, "अरे, निर्णायक मत वर पाठवा." मी हात पुसत वर जायचो, मत द्यायचो आणि ज्या बाजूनं दिलं ती भाजी जेवूनच खाली यायचो. मला बोलवायची ही त्यांची रीत होती, हे कळायला मला तीन महिने लागले. एकदा काकू वैतागून म्हणाल्या, "कांदा चिरून झालाय, वांगी पाण्यात पडलीत, आता कसलं मतदान लावलंय?" काकांनी शांतपणे वहीत लिहिलं, "विरोधी पक्षाचा सभात्याग." आणि तवा घासायला घेतला, कारण हरलेल्यानं भांडी घासायची हाही एक जुना ठराव होता.

नुसतं बसवेना म्हणून त्यांनी शाळेसमोर रस्ता ओलांडून द्यायची नोकरी धरली होती. अंगात केशरी जाकीट, हातात 'स्टॉप'चा गोल फलक, खिशात जपाची तसबीह. मुलं त्यांना 'मिस्टर स्टॉप' म्हणायची. पहिलीतलं पोर आलं तरी काका दोन्हीकडची वाहतूक अशी अडवायचे की जणू राष्ट्रपतींची मोटार चाललीय. एकदा गावच्या मेयरची गाडी थांबवली, तेव्हा घरी येऊन त्यांनी ती गोष्ट चार वेळा सांगितली. "मेयर थांबला. पोरगी पुढं गेली. तिची बुटाची लेस सुटलेली, ती बांधेपर्यंत थांबला. हे मी पोरांना अठ्ठावीस वर्षं पुस्तकातून शिकवलं रे, बघितलं आज." काकू म्हणाल्या, "आणि हे सांगण्यापायी रोजा सोडायला तुम्ही आज पाऊण तास उशीर केलात, ते बघितलं मी." कारण रमजान चालू होता आणि काका एकही रोजा चुकवत नसत. पाच वेळचा नमाज पढणारा आणि पाच वेळा राज्यघटना काढणारा असा दुसरा माणूस मी पाहिला नाही. त्यांच्या लेखी या दोन गोष्टी एकाच शिस्तीच्या होत्या.

एकदा हॉटेलात पोळ्या लाटता लाटता कुणीतरी बोललेलं मी त्यांच्यासमोर बोलून गेलो, "काका, पण तुमची माणसं म्हणे..." आणि जीभ चावली. वाटलं, गेली खोली. काका खुर्चीत सरळ बसले. "मांड ठराव. तुमची माणसं म्हणजे किती? सूचक कोण? अनुमोदक कोण? तो हजर आहे का?" मी म्हटलं, अनुमोदक सुट्टीवर आहे. "मग ठराव फेटाळला," ते म्हणाले, आणि मला चहा दिला. वर म्हणाले, "आमच्यातही असेच आहेत हो. तेही 'तुमची माणसं' म्हणूनच सुरुवात करतात. दोघांची भेट घालून दिली पाहिजे, फार पटेल त्यांचं."

तसा त्यांच्यातला एक पुढं खरंच भेटायला आला. एडिसनच्या आसपासच्या मुसलमान मंडळींनी एक जुनं घर घेऊन नमाजाची जागा केली होती. कबरस्तानात थोडी जमीनही घेऊन ठेवली होती. या मंडळाला सगळे जमात म्हणत आणि काका जमातीचे सेक्रेटरी. दर वर्षी निवडणूक व्हायची, बायकांनाही मत असायचं. तिथं कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातून दर शनिवारी एक तरुण मौलाना यायला लागले. बरोबर कॅसेटांची पेटी. आवाज गोड, दाढी काळीभोर. त्यांचं म्हणणं असं, की मतदान हा माणसाच्या मर्जीचा खेळ आहे आणि अल्लाच्या घरात माणसाची मर्जी कशाला. निवडणूक बंद करावी, बायकांचं सभासदत्व काढावं, त्यांनी नेमलेली नेक माणसं कारभार बघतील. जो विरोध करील तो जमातीबाहेर, आणि जमातीबाहेरच्याला कबरस्तानात जागा नाही. काकूंनी पहिल्यांदा हातातलं काम खाली ठेवलं ते हे ऐकून. "परक्या मुलखात येऊन पडलो," त्या म्हणाल्या, "आता मेल्यावर कुठं नेणार तुम्हाला? त्या मेयरच्या अंगणात?" त्या दिवशी भाजीवर ठराव आला नाही.

मौलानांच्या ठरावावर मतदानासाठी रविवारी दुपारी सभा ठरली. दोन्ही बाजूंना पटेल असा मतमोजणी करणारा हवा होता, तेव्हा काकांनी माझं नाव सुचवलं. मी म्हटलं, "काका, मला वगळा. सही बिही करावी लागली तर?" ते म्हणाले, "सही मी करतो. तू फक्त मोज. पुऱ्या मोजतोस ना?" मौलानांच्या बाजूनं एक हैदराबादी डॉक्टर होते. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "किसकी तरफ के हो मियाँ?" मी म्हटलं, किचन की तरफ का. ते हसले आणि मी पास झालो.

सभा सुरू झाली ती एका घोटाळ्यानं. मौलाना बोलायला उठले तोच काका ताडकन उभे राहिले आणि शाळेतल्या सवयीनं म्हणाले, "अध्यक्षमहाराज, मुद्दा हरकतीचा." आपल्याकडे हरकत म्हणजे आक्षेप. उर्दूत हरकत म्हणजे चाळे. खोलीत कुजबूज सुरू झाली. डॉक्टरांनी चमकून विचारलं, "हरकत? किसने क्या हरकत करी?" काका म्हणाले, "मेरी हरकत है." मागून कुणीतरी म्हणालं, "लो, ख़ुद क़बूल कर रहे हैं." पडद्यापलीकडे बायकांच्या बाजूला पहिलं हसू फुटलं आणि ते पसरत पसरत पार इजिप्तच्या दोन पाहुण्यांपर्यंत गेलं, ज्यांना कुठलीच भाषा कळली नव्हती. मौलाना तेवढे हसले नाहीत.

मग काका बोलले, मोडक्या हिंदीत. ते मला शब्दाला शब्द आठवतं, पण मी आपल्या भाषेत सांगतो. "तिकडे भारतात मी थोड्यांतला आहे, इकडे तर अगदीच थोड्यांतला. दोन्ही ठिकाणी मी ताठ उभा राहतो, कारण दोन्ही सरकारांच्या कायद्यात लिहिलंय की माणसाचा धर्म विचारून त्याचा हक्क ठरवायचा नाही. तो कायदा आहे म्हणून माझी मशीद आहे. बाहेर तो मला हवा आणि घरात माझ्या बायकोला नको, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? मौलाना, तुम्ही देवाच्या नावानं बोलता. देवाला हरवता येत नाही, कबूल. पण सेक्रेटरीला हरवता आलंच पाहिजे." खाली बसताना त्यांचा गुडघा कट्कन वाजला तो सगळ्यांना ऐकू आला.

चिठ्ठीवर फक्त होय किंवा नाही लिहायचं. नाव, सही, खूण दिसली तर चिठ्ठी बाद, हा नियम काकांनीच तीन भाषांत सांगितला. "बायकोला नवऱ्याची भीती नको आणि भाडेकरूला मालकाची," असं वर स्पष्टीकरण दिलं. मोजायच्या टेबलाशी मी आणि डॉक्टर. मौलानांच्या बाजूनं अठ्ठावीस झाल्या, काकांच्या बाजूनं सत्तावीस, आणि हातात शेवटची चिठ्ठी. बरोबरी झाली तर ठराव पडणार होता. मी चिठ्ठी उघडली. मराठीत 'नाही', आणि त्याखाली काकूंचं पूर्ण नाव. माहेरचं कंसात. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर हळद, जिरं, मेथी लिहितात तेच गोल गोल अक्षर.

डॉक्टरांना मराठी वाचता येत नव्हतं. "क्या लिखा है?" त्यांनी विचारलं. मला नुसतं 'नहीं' म्हणता आलं असतं. खोटंही झालं नसतं. या घरानं मला छप्पर दिलं होतं, आणि एका शब्दात ते फेडता येत होतं. मी मान वर केली तर काका समोर उभे. त्यांनी हात पुढं केला, चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुसला, परत वाचली. मग डॉक्टरांना म्हणाले, "'नहीं' लिखा है. नीचे नाम भी है. बाद." डॉक्टरांनी विचारलं, "किसका नाम?" काकांनी चिठ्ठीची घडी केली. "वो बताया तो गुप्त कैसे रहेगा, डॉक्टरसाब?"

अठ्ठावीस विरुद्ध सत्तावीस. आम्ही हरलो. गाडीत काकू मागं बसून बाहेर बघत होत्या. घरी आल्यावर काका माझ्यामागून बेसमेंटमध्ये उतरले आणि हळू आवाजात म्हणाले, "तिला कळता कामा नये. चौथी शिकलेली बाई, सरळपणानं नाव लिहिलं तिनं. तिच्या एका मतानं गेलं हे कळलं तर आयुष्यभर खात राहील तिला." मी मान डोलावली.

पुढं तेरा कुटुंबं काकांबरोबर बाहेर पडली. त्यांनी शुक्रवारपुरता अग्निशमन दलाचा हॉल भाड्यानं घेतला. बंब बाहेर, नमाज आत. वर्षभरानं तिथं पहिली निवडणूक झाली आणि काका सेक्रेटरीच्या जागेवरून सपशेल पडले. असा आनंद मी त्यांना दुसऱ्या कुठल्या दिवशी झालेला पाहिला नाही. जिन्यावरूनच ओरडत आले, "पडलो रे, अकरा मतांनी पडलो. जिवंत आहे जमात." त्यानंतरच्या एका शुक्रवारी ते हैदराबादी डॉक्टर हॉलच्या दाराशी बूट काढताना दिसले. काकांनी त्यांना सरकून जागा दिली.

मातीचा प्रश्न गावच्या सार्वजनिक दफनभूमीनं सोडवला. तिथं एका कोपऱ्यात जागा मिळते असं कळलं, तेव्हा आम्ही तिघं बघायला गेलो. काका तिथल्या रखवालदाराशी कबरीच्या मक्केकडच्या दिशेवरून वाद घालत लांब गेले होते. काकू आणि मी बाकावर बसलो होतो. एका बाजूला कुणा इटालियन न्हाव्याची कबर, दुसरीकडे कुणा पोलिश बाईची. काकू दगडांवरची नावं बघत होत्या. अचानक म्हणाल्या, "त्या चिठ्ठीचं तू कुणाला बोलला नाहीस, बरं केलंस." मी त्यांच्याकडे वळलो. "अठ्ठावीस वर्षं ह्यांचं नागरिकशास्त्र ऐकलंय मी. नाव लिहिलं की बाद, हे मला ठाऊक नव्हतं होय? पण ते मौलाना मला सभासदांच्या वहीतून खोडायला निघाले होते. म्हटलं, खोडण्याआधी एकदा नीट वाचा तरी. एका मतावर येऊन ठेपेल, हे कुठं माहीत होतं." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "ह्यांना वाटतं मी भोळेपणानं लिहिलं. वाटू दे. मुद्दाम लिहिलं कळलं तर मनाला लावून घेतील." मी म्हटलं, नाही बोलणार.

आता दोघंही त्या कोपऱ्यात आहेत. हॉटेलला सुट्टी असली की मी जातो. कागदपत्रं केव्हाच झाली, पोलिसाची गाडी दिसली तरी हल्ली वाकत नाही. मी तिथं थोडा वेळ दोघांच्या मधल्या गवतावर उभा राहतो. इथं सगळं लिहून टाकलं खरं, पण तिथं गेलं की अजूनही माझं तोंड उघडत नाही. दोघांनाही शब्द दिलेला आहे.